झायलिटॉलचा दाणा एकसारखा कसा आणावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कागलच्या औद्योगिक वसाहतीतील तुमच्या लहान कारखान्यात १,००० लिटरच्या जॅकेटच्या क्रिस्टलायझरमध्ये, म्हणजे बाहेरच्या आवरणात पाणी फिरवून थंड करायच्या भांड्यात, झायलिटॉल या साखरेऐवजी वापरायच्या गोड पदार्थाचे स्फटिक तयार होतात. ग्राहकाला सरासरी २५० मायक्रॉन आकाराची एकसारखी पावडर हवी आहे, पण दर बॅचला दाणा वेगळा येतो. म्हणून तुम्ही सगळा माल पिन मिलमधून, म्हणजे फिरत्या पिनांच्या दळणयंत्रातून, काढून चाळता. त्यात भुकटी फार निघते आणि पावसाळ्यात पोत्यांमध्ये माल दगडासारखा बसतो. आता नवी मिल घ्यावी की नवी चाळणी, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते सध्या दोन्ही घेऊ नका. मी नोकरीची पहिली वर्षे याच जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या पॅन विभागात काढली आणि नंतरची वर्षे झायलिटॉलसारख्या शर्करा अल्कोहोलांच्या, म्हणजे व्यापारात ज्यांना पॉलिऑल म्हणतात त्यांच्या, स्फटिकीकरणात घालवली. या दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, ती ही की दाण्याचा आकार क्रिस्टलायझरमधल्या पहिल्या तासाभरातच ठरतो. मिल आणि चाळणी पुढे त्या निर्णयाची फक्त निस्तरणी करतात.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. २५० मायक्रॉनचा एक दाणा घनाकृती धरला आणि झायलिटॉलची घनता सुमारे १.५ धरली, तर एका किलोत सव्वाचार कोटींच्या आसपास दाणे असतात. एका बॅचमध्ये ४०० किलो स्फटिक मिळत असतील, तर तुमच्या भांड्यात साधारण सतराशे कोटी दाणे हवेत, कमी नकोत आणि जास्तही नकोत. द्रावणातून बाहेर पडणारे झायलिटॉल तेवढेच असते. ते जितक्या दाण्यांमध्ये वाटले जाते, त्यावर प्रत्येकाच्या वाट्याला किती येते हे ठरते. दाण्यांची संख्या आठपट झाली की आकार निम्मा होतो. म्हणून आकारावर ताबा ठेवणे म्हणजे संख्येवर ताबा ठेवणे, आणि संख्येवर ताबा ठेवण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे: दाणे आपण मोजून घालायचे आणि त्यानंतर द्रावणाला स्वतःहून नवे दाणे पाडू द्यायचे नाहीत.

ही गोष्ट आपल्याकडे गुऱ्हाळावर फार जुन्या काळापासून माहीत आहे. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर मी तास न् तास उभा राहून पाहिले आहे. गुळव्या काहिलीतून पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून पाहतो, ती ताटलीवर आपटून तिचा आवाज ऐकतो आणि मग आदण उतरवायला सांगतो. पाक वाफ्यात पडल्यानंतर तो लगेच फावड्याला हात घालत नाही, पण फार वेळही थांबत नाही. पाक पुरेसा गरम असताना हलवला तर थोडे दाणे धरतात आणि ते वाढत जातात. फार निवू देऊन मग घोटला तर एकाच वेळी असंख्य बारीक दाणे पडतात आणि गुळाची कणी हरवते. गुळव्या ज्याला पाकाची वेळ म्हणतो, त्याला आपल्या भाषेत दाणा धरण्याच्या क्षणीची अतिसंपृक्तता म्हणतात, म्हणजे द्रावणात मावतो त्याहून जास्त विरघळून राहिलेला माल.

साखर कारखान्यातून आलेल्या माणसाला एक सवय मात्र बदलावी लागते. साखरेची विद्राव्यता तापमानाबरोबर हळू बदलते; संपृक्त द्रावणात २० अंशांना सुमारे ६७ टक्के साखर असते, तर ६० अंशांना सुमारे ७४ टक्के. नुसते थंड करून फारशी साखर मिळत नाही, म्हणून तिथे निर्वात पॅनमध्ये पाणी उडवून दाणा वाढवतात. झायलिटॉल, एरिथ्रिटॉल आणि मॅनिटॉल यांची विद्राव्यता तापमानाबरोबर बरीच जास्त बदलते, त्यामुळे ती थंड करून स्फटिकरूपात काढता येतात आणि सगळा ताबा थंड करण्याच्या वेगात येतो. दुसरा फरक उष्णतेचा आहे. एक ग्रॅम साखर पाण्यात विरघळताना सुमारे १८ ज्यूल उष्णता शोषते, तर झायलिटॉल सुमारे १५३ आणि एरिथ्रिटॉल सुमारे १८० ज्यूल. जिभेला जो गारवा लागतो तो यामुळेच. स्फटिक बनताना हीच उष्णता उलट बाहेर पडते, म्हणजे झायलिटॉलचा दाणा धरताना भांड्यात साखरेच्या आठपटीहून जास्त उष्णता सुटते. या गोष्टीचा उपयोग पुढे सांगतो.

आता बीजाकडे, म्हणजे आपण मोजून घालायच्या बारीक दाण्यांकडे, येऊ. तुमच्या वर्णनावरून तुम्ही मागच्या बॅचमधली मूठ-दोन मूठ पावडर वरून टाकता असे दिसते. अशा पावडरीत दहा मायक्रॉनपासून दोनशे मायक्रॉनपर्यंत सगळे असते. ती कोरडी पडली की तिचे गोळे बनतात, आणि किती दाणे प्रत्यक्ष कामाला लागले हे कोणालाच कळत नाही. बीज मोजून घालायचे असेल तर त्याचा नियम घनाचा आहे: बीजाचे वजन भागिले मालाचे वजन हे बीजाचा आकार भागिले मालाचा आकार याच्या घनाइतके असते. तुम्हाला २५० मायक्रॉनचा माल हवा असेल आणि बीज ५० मायक्रॉनचे असेल, तर हे गुणोत्तर एकास पाच, त्याचा घन एकास एकशे पंचवीस, म्हणजे ४०० किलोंच्या बॅचसाठी ३.२ किलो बीज. बीज २५ मायक्रॉनचे असेल तर कागदावर फक्त ४०० ग्रॅम पुरतात. पण मी तो मोह टाळतो. इतक्या कमी बीजाचे एकूण पृष्ठफळ फार थोडे असते, द्रावणातून बाहेर पडू पाहणाऱ्या मालाला बसायला जागा मिळत नाही, अतिसंपृक्तता चढत जाते आणि शेवटी द्रावण स्वतःच नवे दाणे पाडते. साखर कारखान्यात ज्याला आपण फॉल्स ग्रेन म्हणतो, तोच हा.

बीज तयार करण्यासाठी साखर कारखान्यात बॉल मिलमध्ये साखर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून स्लरी, म्हणजे द्रवात मिसळलेल्या दाण्यांचा पातळ लगदा, दळतात. पद्धत तीच ठेवा, पण खाद्य आणि औषधी मालासाठी मला झायलिटॉलच्या स्वतःच्या संपृक्त द्रावणातली स्लरी जास्त पसंत आहे, कारण मग विद्रावकाचा अंश शिल्लक राहण्याचा प्रश्नच उरत नाही. दळून झाल्यावर स्लरी काही तास हळू ढवळत ठेवा. अगदी बारीक तुकडे त्यात विरघळतात, मोठ्यांच्या तुटलेल्या कडा भरून येतात आणि पसारा आवळतो. प्रत्येक वेळी स्लरीचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. दाणे सुटे दिसले पाहिजेत. दोन-चार मिळून द्राक्षाच्या घोसासारखे दिसले तर ती स्लरी क्रिस्टलायझरमध्ये घालू नका.

बीज कधी घालायचे, हे अंदाजाने ठरवू नका. क्रिस्टलायझरमधले स्वच्छ गरम द्रावण जॅकेटच्या लहान काचभांड्यात घ्या, ते सावकाश ढवळत थंड करा आणि पहिली धूसरता कोणत्या अंशाला दिसते ते लिहा. मग तेच हळू तापवा आणि शेवटचा दाणा कोणत्या अंशाला विरघळतो ते लिहा. या दोन तापमानांमधली जागा तुमची कामाची जागा आहे. झायलिटॉलमध्ये ती बरीच रुंद असते, कारण द्रावण घट्ट असते आणि बीजावाचून ते कितीतरी वेळ तसेच थांबते; म्हणूनच अननुभवी माणूस फसतो आणि फार खाली जाऊन बीज घालतो. मी विरघळण्याच्या तापमानाच्या दोन-तीन अंश खाली बीज घालतो. त्याहून वर बीज विरघळण्याची भीती असते आणि संख्येचा हिशेब तिथेच संपतो. तीव्रता मोजताना एक काळजी घ्या. रिफ्रॅक्टोमीटरवरचे ब्रिक्स, म्हणजे प्रकाशाच्या वक्रीभवनावरून वाचलेली टक्केवारी, साखरेच्या द्रावणासाठी आखलेले असते, झायलिटॉलसाठी नाही. वजन करून पाच-सहा द्रावणे बनवा आणि स्वतःचा तक्ता तयार करा.

बीज घातल्यावर अर्धा ते एक तास तापमान तिथेच धरून ठेवा आणि नंतर थंड करायला सुरुवात करा. इथे बहुतेक कारखान्यांत चूक होते, कारण जॅकेटचे पाणी पूर्ण उघडले की द्रावण सुरुवातीला झपाट्याने आणि शेवटी सावकाश थंड होते; हवे असते ते नेमके उलट. सुरुवातीला दाणे लहान असतात, त्यांचे पृष्ठफळ कमी असते, म्हणून त्यांना थोडेच झेपते. समजा ६० अंशांपासून २८ अंशांपर्यंत १६ तासांत यायचे आहे. घनाच्या नियमाने, म्हणजे उतरलेले अंश गेलेल्या वेळेच्या घनाच्या प्रमाणात ठेवले तर, पहिल्या ८ तासांत फक्त ४ अंश उतरायचे, १२ तासांनी ४६ ते ४७ अंशांवर असायचे आणि उरलेले सगळे शेवटच्या ४ तासांत उतरायचे. प्रत्यक्षात झायलिटॉलसाठी मी हा नियम जसाच्या तसा वापरत नाही, कारण खालच्या तापमानाला द्रावण घट्ट होते, दाण्याची वाढ मंदावते आणि शेवटच्या तासांत इतका उतार सोसत नाही; शिवाय बीज भरपूर घातले असेल तर सुरुवातीला थोडे जास्त उतरले तरी चालते. वर्ग आणि घन यांच्या मधला एखादा उतार धरा, आणि जॅकेटचे पाणी मालापेक्षा आठ-दहा अंशांहून जास्त थंड होऊ देऊ नका.

ही शेवटची अट का सांगतो, ते एका रात्रीने मला शिकवले. एका कारखान्यात, जानेवारीतल्या पाळीला, कूलिंग टॉवरचे पाणी नेहमीपेक्षा बरेच थंड होते आणि झडप मात्र ऑक्टोबरच्याच खुणेवर उघडी होती. रात्री दोनच्या सुमारास पाहणीच्या काचेतून आत पाहिले तेव्हा सुटे, चमकणारे दाणे फिरताना दिसायला हवे होते. त्याऐवजी सगळा द्राव ताकासारखा पांढरा झाला होता. तापमानाच्या आलेखावर रेघ खाली जाता जाता अचानक दीड अंश वर चढलेली होती, पाणी चालू असतानाही. हीच ती आठपट उष्णता. भिंतीवर कवच धरले होते, त्याचे तुकडे तुटून आत पडत होते आणि कोट्यवधी नवे दाणे एकदम जन्माला आले होते. सकाळी सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे माल वेगाने फिरवून द्राव वेगळा काढणाऱ्या यंत्रातून, पाणी निघेना, माल लोण्यासारखा राहिला. तेव्हापासून मी आलेखावरची ती वर चढणारी रेघ हीच सर्वांत विश्वासाची खूण मानतो. ती दिसताक्षणी थंड करणे थांबवा, माल चार-पाच अंश वर न्या, अर्धा तास धरा. बारीक दाणे आधी विरघळतात, मोठे राहतात, आणि बॅच बऱ्याच वेळा वाचते. त्या रात्री आम्ही ते वेळेवर केले नाही.

ढवळण्याबद्दल एवढेच सांगतो की दाणा तळाला बसू नये इतका वेग पुरे. जास्त वेगात दाणे पंख्यावर आणि एकमेकांवर आपटतात, त्यांचे कण निघतात आणि तेही दाणे म्हणून वाढू लागतात. मात्र वीज गेली आणि ढवळणी थांबली तर दहा मिनिटांत तळाला घट्ट थर बसतो. ढवळणीची मोटर जनरेटरवर घेतलेली नसेल तर हे काम सर्वांत आधी करा.

तुमच्या दुसऱ्या तक्रारीचे, म्हणजे पोत्यात माल बसण्याचे, मूळही बरेचसे इथेच आहे. बारीक दाण्यांना पृष्ठफळ जास्त, म्हणून त्यांच्या अंगावर मूळ द्रावाचा, म्हणजे स्फटिक निघाल्यावर उरलेल्या द्रावणाचा, थर जास्त उरतो. सेंट्रिफ्यूजमध्ये तो नीट धुतला गेला नाही तर सुकताना त्याचेच दोन दाण्यांमध्ये पूल बनतात. धुण्यासाठी पाण्याचा मोकळा फवारा मारू नका, तो माल विरघळवून टाकतो. थोडे थंड पाणी, बारीक फवाऱ्याने, दोन हप्त्यांत द्या. झायलिटॉल ९२ ते ९६ अंशांना वितळते, त्यामुळे फ्लुइड बेड ड्रायरमध्ये हवा ६० अंशांच्या वर नेण्याचे कारण नाही, आणि सुकवल्यानंतर कोरड्या हवेने माल ३० अंशांच्या आसपास आणल्याशिवाय पोते शिवू नका. गरम भरलेल्या पोत्यात मधला माल गरम आणि बाहेरचा थंड राहतो, आतला ओलावा बाहेरच्या थराकडे सरकतो आणि तिथे दाणे एकमेकांना चिकटतात. हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचली की झायलिटॉल हवेतले पाणी ओढू लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूर परिसरात ती त्याहून वर किती दिवस राहते हे तुम्हाला सांगायला नको. पॅकिंगच्या खोलीला डीह्युमिडिफायर हवाच. शक्य असेल तर माल बंद सायलोत एक-दोन दिवस कोरड्या हवेखाली ठेवून मगच भरा.

मिल पूर्णपणे टाकून द्या असे मी म्हणत नाही. ७५ मायक्रॉनच्या खालचा माल मागितला तर दळावेच लागते. चॉकलेटसाठी तर ३० मायक्रॉनच्याही खाली जावे लागते, नाहीतर जिभेला कचकच लागते. पण दळताना दाण्याच्या तुटलेल्या पृष्ठभागाची स्फटिकरचना बिघडते आणि तिथे ओलावा लवकर धरतो. मिलमध्ये उष्णता वाढली तर झायलिटॉल पिनांना चिकटते. थंड, कोरडी हवा द्या, जाळीच्या हॅमर मिलऐवजी वर्गीकरणासह पिन मिल वापरा, आणि मिलमध्ये एकसारखे स्फटिक घाला. मिश्र दाणा घातला तर मिश्र भुकटीच मिळते. आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो: या सर्व पावडरी ज्वलनशील आहेत. हवेत उडालेल्या धुळीला ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. यंत्रे, नळ्या, पिशव्या-फिल्टर, सगळ्यांना अर्थिंग हवे आणि स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झडप हवी. यात काटकसर करू नका.

ही पद्धत झायलिटॉलला आणि थोड्याफार फरकाने एरिथ्रिटॉलला लागू पडते. मॅनिटॉलचे स्फटिक सुईसारखे वाढतात. द्रावणात सॉर्बिटॉल उरलेले असेल तर वाढ अडखळते, आणि सुई चाळणीतून उभी निसटते, म्हणून तिथे चाळणीचे आकडे फसवे असतात. सॉर्बिटॉलची गोष्ट अगदी वेगळी आहे. ते इतके विद्राव्य आणि त्याचे द्रावण इतके चिवट असते की ते बहुधा वितळलेल्या अवस्थेत, बीज मिसळून, मळत मळत घट्ट करतात, आणि त्यात गॅमा रूप, म्हणजे त्याची स्थिर स्फटिकरचना, मिळाले नाही तर माल पुढे बदलत राहतो. ते काम हाती आले तर वेगळे लिहीन.

मोजमापाबद्दल ग्राहकाशी आधी बोला. तो २५० मायक्रॉन म्हणतो तेव्हा त्याला लेसर यंत्रावरचा डी-५०, म्हणजे ज्याच्या खाली निम्मा माल असतो तो आकार, अभिप्रेत आहे की ६० मेशची चाळणी, हे लेखी ठरवा. ६० मेश म्हणजे २५० मायक्रॉनच, पण ‘६० मेशमधून सगळा माल जातो’ आणि ‘निम्मा माल जातो’ या दोन अगदी वेगळ्या पावडरी आहेत. लेसरवर ओल्या पद्धतीने मोजायचे असेल तर झायलिटॉलने संपृक्त केलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, साधे पाणी नाही. नमुना पोत्याच्या तोंडाशी घेऊ नका. हाताळताना बारीक माल खाली सरकतो. पडत्या धारेतून, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, असा नमुना घ्या.

येत्या तीन बॅच अशा करा: द्रावणाची तीव्रता, बीज घालण्याचे तापमान, ढवळणीचा वेग आणि थंड करण्याचा उतार तिन्हींमध्ये अगदी तेच ठेवा आणि फक्त ५० मायक्रॉनच्या बीजाचे वजन बदला: पहिल्या बॅचला १.६ किलो, दुसऱ्या बॅचला ३.२ किलो आणि तिसऱ्या बॅचला ६.४ किलो. हिशेबाप्रमाणे डी-५० अनुक्रमे ३१५, २५० आणि २०० मायक्रॉनच्या जवळ यायला हवा. पहिल्या बॅचचा दाणा अपेक्षेपेक्षा बारीक आला आणि तिसऱ्याचा जुळला, तर पहिल्या बॅचमध्ये बीज अपुरे पडून फॉल्स ग्रेन पडला आहे, उतार आणखी सौम्य करा. तिन्हींचा दाणा सारख्याच प्रमाणात मोठा आला, तर बीजाचा काही भाग विरघळतो आहे किंवा त्याचे गोळे बनत आहेत. स्लरीचा थेंब पुन्हा काचपट्टीवर घ्या आणि बीज घालण्याचे तापमान अर्ध्या अंशाने खाली आणून बघा. तिन्ही बॅचचे तापमानाचे आलेख आणि नमुन्यांच्या बाटल्या जपून ठेवा, कारण मी आलो की सर्वांत आधी त्याच मागेन.